थाळ्या वाजवून झाल्या, आता आरोग्य कर्मचाऱ्यांना खरी मदत कशी करायची?

सप्टेंबर २०२०. उचगावात आमच्या गल्लीत आशाताई आल्या होत्या. एका हातात ताप मोजायची गन, दुसऱ्या हातात ऑक्सिमीटर, काखेत रजिस्टर आणि तोंडावर घामानं ओला झालेला मास्क. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही राज्य सरकारची मोहीम नुकतीच सुरू झाली होती. घरोघरी जायचं, प्रत्येकाचा ताप आणि ऑक्सिजन बघायचा, आजारांची माहिती लिहून घ्यायची, असं ते काम.

"घरात कुणाला ताप, सर्दी, खोकला?" त्यांनी विचारलं.

आमच्या घरातून अर्धं दार उघडून उत्तर गेलं, "न्हाई ताई, सगळी बरी हाईत."

खरं तर आदल्या रात्रीपासून वडिलांना कणकण होती. पण गल्लीत चर्चा होईल, दारावर फलक लागेल, घरातल्या सगळ्यांना उचलून सेंटरला नेतील, ही भीती होती. वडील आत झोपून राहिले. ताईंनी नोंद केली आणि त्या पुढच्या दारात गेल्या.

तीन दिवसांनी त्यांनाच परत यावं लागलं. वडिलांना तपासणीला पाठवायला, त्या तीन दिवसांत आम्ही कुणाकुणाला भेटलो त्याची यादी करायला आणि आजूबाजूची घरं पुन्हा पालथी घालायला. वडील बरे झाले. पण आमच्या एका 'न्हाई'मुळे ताईंचं काम दुप्पट झालं आणि त्यांच्या जिवाचा धोकाही वाढला.

याच आमच्या घरानं सहा महिन्यांपूर्वी, २२ मार्चच्या जनता कर्फ्यूला संध्याकाळी पाच वाजता गच्चीवर जाऊन थाळी वाजवली होती. आदर खोटा नव्हता. पण त्या आदराचा ताईंना काडीचाही उपयोग झाला नाही.

म्हणूनच हा प्रश्न: साथ आली की डॉक्टर, नर्स, आशा यांना आपण सामान्य माणसं नेमकी काय मदत करू शकतो? एक सोपी कसोटी आहे. आपण जे करतोय त्यामुळे त्यांचं काम कमी होतंय का, किंवा त्यांचा धोका कमी होतंय का? दोन्हीपैकी एकाचंही उत्तर 'हो' नसेल, तर ती मदत फोटोपुरतीच.

कोरोना तर गेला, मग आता हे कशासाठी?

जागतिक आरोग्य संघटनेनं ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. पण साथी संपल्या नाहीत. जानेवारी २०२५मध्ये पुण्यात जीबीएसचे रुग्ण वाढले आणि आरोग्य पथकं पुन्हा घरोघरी फिरू लागली. आपल्याकडे दर पावसाळ्यात डेंग्यू, चिकुनगुनिया असतोच.

कोल्हापूरकरांना तर २०२१चा जुलै आठवत असेल. राज्यातले बरेच जिल्हे उघडत होते, तेव्हा पॉझिटिव्हिटी रेट जास्त असल्यामुळे आपल्याकडे कडक निर्बंध होते. त्यातच महापूर आला. पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. एकीकडे कोरोना, दुसरीकडे पूरग्रस्तांच्या छावण्या, आणि दोन्हीकडे पळणारी माणसं तीच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोरोनानं गेले. म्हणजे धोका हा शब्द इथे उगाच वापरलेला नाही.

फ्रंटलाइन म्हणजे फक्त डॉक्टर नाही

आपल्या डोळ्यांसमोर पांढरा कोट आणि स्टेथोस्कोप येतो. पण साथ आपल्या गल्लीत येते तेव्हा सगळ्यात आधी दारात उभी राहते ती आशा स्वयंसेविका. ग्रामीण भागात साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असते. महाराष्ट्रात त्या सुमारे ७० हजार आहेत. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक, उपकेंद्रातल्या एएनएम म्हणजे आपण ज्यांना नर्सबाई म्हणतो त्या, पुरुष आरोग्य सेवक, स्वॅब घेणारे लॅब टेक्निशियन, १०८ रुग्णवाहिकेचे चालक, वॉर्डबॉय, दवाखान्यातले सफाई कामगार, कचरा उचलणारे आणि स्मशानभूमीत काम करणारे हे सगळे त्यात येतात.

उचगावसारख्या गावात हे काम आणखी अवघड असतं. गाव कोल्हापूर शहराला लागून, शेजारी गांधीनगरची कापडाची होलसेल बाजारपेठ, बाजूनं पुणे-बेंगळुरू महामार्ग. भाडेकरू येतात, जातात. गेल्या महिन्याची यादी या महिन्यात चालत नाही. आशाताईंना प्रत्येक वेळी नव्यानं दार वाजवावं लागतं.

आता मदतीचे मार्ग एकेक करून पाहू.

१. दारात आल्यावर खरं सांगा

यात पैसा लागत नाही, पण हीच सगळ्यात मोठी मदत आहे. ताप आहे का, बाहेरगावाहून कोण आलंय, घरात मधुमेह किंवा रक्तदाब कुणाला आहे, हे विचारलं की सरळ सांगा.

थोडं गणित करू. 'माझे कुटुंब'च्या वेळी एका पथकानं दिवसाला साधारण ५० घरं करायची असं नियोजन होतं. प्रत्येक घरानं दारात ताटकळत ठेवून किंवा 'कशाला पाहिजे माहिती' असा वाद घालून फक्त पाच मिनिटं जास्त घेतली, तरी २५० मिनिटं जातात. म्हणजे चार तासांहून जास्त. तेवढा वेळ त्या उन्हात किंवा पावसात जास्त थांबणार.

त्यामुळे घरातल्यांची नावं, वयं, चालू औषधं एका कागदावर लिहून दाराजवळ ठेवा. पथक आल्यावर तुम्हीही मास्क लावा. त्यांना आत बोलवू नका, मोकळ्या हवेत, अंगणात बोला. आजारी माणसाजवळ बंद खोलीत घालवलेलं एकेक मिनिट त्यांच्यासाठी धोक्याचं असतं.

२. योग्य नंबर, योग्य कारणासाठी

साथीत दवाखान्यावरची गर्दी कमी करणं हीसुद्धा मदतच.

१०८ हा तातडीच्या रुग्णवाहिकेचा नंबर आहे. श्वास लागतोय, माणूस शुद्धीवर नाही, अपघात झालाय, अशा वेळी तो फिरवायचा. 'बेड कुठे मिळेल', 'लस कधी येणार' असल्या चौकशीसाठी नाही. आरोग्यविषयक माहिती आणि सल्ल्यासाठी १०४ आहे. किरकोळ तक्रारींसाठी 'ई-संजीवनी' या सरकारी सेवेतून घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येतं.

रुग्ण दाखल असेल तर घरातला एकच माणूस डॉक्टरांशी बोलण्यासाठी ठरवा. त्यानं घरच्या ग्रुपवर सगळ्यांना कळवावं. एका रुग्णामागे पाच नातेवाइकांनी पाच वेळा फोन केला, तर ड्युटीवरच्या सिस्टरनं पेशंट बघायचे की फोन उचलायचे? सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात तर अख्ख्या जिल्ह्यातून रुग्ण येतात.

३. गल्लीतली कामं गल्लीनं वाटून घ्या

२०२०च्या मे महिन्यात मुंबई-पुण्याहून लोक गावी परतले, तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यात गावोगावी ग्राम समित्या उभ्या राहिल्या. शाळांमध्ये विलगीकरण, तिथल्या माणसांचं जेवण, बाहेरून आलेल्यांची नोंद अशी कामं गावानंच उचलली. जिथे समिती चांगली चालली, तिथे आशा आणि नर्सना आरोग्याचं काम करायला वेळ मिळाला. जिथे नाही, तिथे पाण्याच्या टँकरपासून भांडणापर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात पडलं.

पुढच्या साथीत तरुण मंडळं आणि बचत गट हे करू शकतात:

- घरी विलगीकरणात असलेल्या कुटुंबाचं दूध, किराणा, औषधं पोहोचवणं. ही सोय असली की माणसं आजार लपवत नाहीत. २०२१मध्ये पगार बुडेल, घरात भाजी कोण आणणार, या चिंतेनंही अनेकांनी टेस्ट टाळली.
- लसीकरण किंवा तपासणी केंद्रावर टोकन वाटणं, रांग लावणं, सावली आणि पाण्याची सोय करणं. लस कमी आणि माणसं जास्त असली की राग निघतो तो टेबलावर बसलेल्या नर्सवर. गावातलीच चार ओळखीची पोरं रांगेत उभी असली की आवाज चढत नाही.
- ज्येष्ठांची ऑनलाइन नोंदणी करून देणं. कोविनच्या वेळी ओटीपी आणि स्लॉटच्या भानगडीत कितीतरी आजी-आजोबा अडकले होते. मोबाइल सराईतपणे वापरणाऱ्या एका मुलानं गल्लीतली २० नावं नोंदवली, तर केंद्रावरचा तेवढा घोळ वाचतो.
- निवृत्त नर्स, फार्मासिस्ट, माजी सैनिक यांनी आरोग्य केंद्राला स्वतःहून कळवणं. एप्रिल २०२०मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी अशा प्रशिक्षित लोकांना पुढे येण्याचं आवाहन केलं होतं. प्रशिक्षण नसेल तर मात्र रुग्णाजवळची कामं अंगावर घेऊ नका.

४. त्यांना घरातून काढू नका, वाटेत अडवू नका

हे सांगावं लागतंय, कारण हे घडलंय. एप्रिल २०२०मध्ये इंदूरमध्ये तपासणीला गेलेल्या पथकावर दगडफेक झाली. त्याच महिन्यात चेन्नईत कोरोनानं मृत्यू झालेल्या एका डॉक्टरांच्या दफनाला जमावानं विरोध केला, त्यांच्या सहकाऱ्यांनाही मारहाण झाली. देशभरात अनेक नर्स आणि डॉक्टरांना घरमालकांनी खोली सोडायला सांगितली.

त्यानंतर केंद्र सरकारनं २२ एप्रिल २०२० रोजी वटहुकूम काढला आणि १८९७च्या साथरोग कायद्यात बदल केला. सप्टेंबर २०२०मध्ये संसदेत त्याचा कायदा झाला. त्यात काय आहे?

- साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केल्यास तीन महिने ते पाच वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड.
- गंभीर दुखापत झाल्यास सहा महिने ते सात वर्षं कैद आणि १ लाख ते ५ लाख रुपये दंड.
- गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. तपास ३० दिवसांत पूर्ण करायचा.
- मालमत्तेचं नुकसान केलं तर बाजारभावाच्या दुप्पट भरपाई.

महत्त्वाचं म्हणजे फक्त मारहाणच नाही, तर त्यांना राहणं किंवा काम करणं मुश्कील होईल असा त्रास देणंही यात येतं. आशांसारख्या गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांनाही हे संरक्षण आहे. साथ नसतानाही दवाखान्यात हिंसा केली, तर महाराष्ट्राचा २०१०चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पण पोलीस येईपर्यंत जे घडायचं ते घडून गेलेलं असतं. म्हणून शेजाऱ्याचं काम आधी येतं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी 'त्या नर्सला सांगा दुसरीकडे राहायला' असं लिहिलं, तर तिथेच ठामपणे 'हे चालणार नाही' असं लिहा. गप्प बसलेल्या ५० जणांचा अर्थ होकार असाच घेतला जातो.

लोक इतके का घाबरतात, यालाही इतिहास आहे. १८९७चा हा कायदा प्लेगच्या साथीत ब्रिटिशांनी आणला. पुण्यात सोजिरांनी घरांत घुसून झडत्या घेतल्या, माणसांना ओढून नेलं. तपासणीचं पथक म्हणजे जुलूम ही धास्ती तेव्हापासूनची. पण त्याच वर्षी, त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांना मुलाच्या, डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचवत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आज दारात येणारी ताई सावित्रीबाईंच्या वाटेवरची आहे, सोजिरांच्या नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी दार पूर्ण उघडेल.

५. जेवण, पाणी आणि बाथरूम

लॉकडाऊनमध्ये हॉटेलं बंद झाली आणि मेसवर जगणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांचे हाल झाले. मुंबईत ताज हॉटेलनं सरकारी रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांना जेवण पुरवलं. आपण ताज नाही, पण आपल्या पातळीवर करण्यासारखं आहे.

फक्त आधी विचारा. एकाच दिवशी चार मंडळांनी बिर्याणी आणली आणि पुढचे चार दिवस कुणीच आलं नाही, असं झालं तर अन्न वाया जातं आणि ते आवरायचं कामही त्यांच्यावरच पडतं. किती माणसं, कुठल्या शिफ्टला, काय चालेल, हे ठरवून वार वाटून घ्या.

आणि ज्याबद्दल कुणी बोलत नाही ती गोष्ट म्हणजे बाथरूम. दिवसभर सर्व्हे करणाऱ्या आशाताई पाणी कमी पितात, कारण जायचं कुठे हा प्रश्न असतो. शाळेचं, अंगणवाडीचं, ग्रामपंचायतीचं स्वच्छतागृह त्यांच्यासाठी उघडं आणि स्वच्छ ठेवा. हे एका फोनवर होण्यासारखं काम आहे.

शेजारी कुणी नर्स किंवा वॉर्डबॉय असेल, तर त्यांच्या मुलांचा अभ्यास, आईवडिलांची औषधं, सकाळचं दूध एवढं बघा. डबल ड्युटीवरच्या माणसाला घरची काळजी मिटली की बरंच हलकं वाटतं.

६. वस्तू द्यायच्या असतील तर

स्वस्तातले, दर्जा माहीत नसलेले मास्क आणि सॅनिटायझरचे खोके नेऊन टाकू नका. आधी आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा. बऱ्याचदा गरज वेगळीच असते: ऑक्सिमीटरचे सेल, रेनकोट, खुर्च्या, पंखा, गरम पाण्याची किटली. सरकारी दवाखान्यांत रुग्ण कल्याण समिती असते, तिच्यामार्फत दिलं तर नोंद राहते आणि पावतीही मिळते.

७. रक्त आणि कचरा

साथीत रक्तदान शिबिरं रद्द होतात आणि रक्तपेढ्या ओस पडतात. बाळंतपण, अपघात, थॅलेसेमिया मात्र थांबत नाहीत. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोंच्या वर आणि तब्येत चांगली असेल, तर पुरुष दर तीन महिन्यांनी आणि स्त्रिया दर चार महिन्यांनी रक्त देऊ शकतात. रक्तपेढीला फोन करून वेळ घेऊन जा.

दुसरी गोष्ट कचऱ्याची. वापरलेला मास्क तसाच घंटागाडीत टाकू नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०च्या सूचनांनुसार तो कापून, कागदी पिशवीत किमान ७२ तास ठेवून मग कचऱ्यात द्यायचा. घरात रुग्ण असेल तर त्याचा कचरा वेगळा बांधा आणि गाडीवरच्या माणसाला तसं तोंडानं सांगा.

८. फॉरवर्ड करण्याआधी एक फोन

हा मुद्दा खास आपल्यासारख्या दिवसभर मोबाइलवर असणाऱ्यांसाठी.

२०२१च्या एप्रिल-मेमध्ये आपल्या सगळ्यांच्या स्टेटसला प्लाझ्मा हवा असल्याचे मेसेज होते. हेतू चांगलाच होता. पण प्लाझ्माचा विशेष फायदा होत नाही, हे आयसीएमआरच्या अभ्यासात २०२०मध्येच दिसलं होतं, आणि मे २०२१मध्ये उपचारांच्या यादीतून तो काढूनही टाकला गेला. तोपर्यंत नातेवाईक मात्र डॉक्टरांशी भांडत होते, 'सगळीकडे देतायत, तुम्हीच का देत नाही?'

बेड, ऑक्सिजन किंवा औषधाचा मेसेज पुढे पाठवताना आधी त्या नंबरवर फोन करा. मिळत असेल तर 'आज दुपारी २ला खात्री केली' असं लिहा. गरज भागली की पोस्ट काढून टाका. शिळा मेसेज फिरत राहिला की एखाद्या रिसेप्शनवर रात्रभर फोन वाजत राहतो. आणि रुग्णाचं नाव, पत्ता, रिपोर्ट किंवा वॉर्डातला व्हिडिओ कधीही टाकू नका.

९. त्यांच्या पगाराबद्दलही बोला

आशांना सरकारी भाषेत 'स्वयंसेविका' म्हणतात. त्यामुळे त्यांना पगार नाही, कामावर आधारित मोबदला मिळतो. कोरोनाच्या कामासाठी केंद्राकडून महिन्याला १ हजार रुपये होते. दिवसाचे साधारण ३३ रुपये झाले.

१५ जून २०२१ला महाराष्ट्रातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या. आठवडाभरानंतर दीड हजार रुपयांच्या वाढीवर संप मिटला. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या १० लाखांहून अधिक आशांचा जागतिक पुरस्कारानं गौरव केला. तरीही २०२३मध्ये त्यांना पुन्हा संपावर जावं लागलं. अखेर मार्च २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ५ हजारांची वाढ मंजूर केली.

प्रत्येक वेळी रस्त्यावर त्या एकट्याच होत्या. गावानं काय करायचं? ग्रामसभेत त्यांचं मानधन थकलंय का, हा प्रश्न विचारा. मास्क, रेनकोट, ओळखपत्र मिळालं का विचारा. ठराव करून घ्या. लोकप्रतिनिधी मत मागायला आले की हेही विचारा.

थोडक्यात

सगळं जमलं नाही तरी चालेल. यातलं एक आजच करता येईल: तुमच्या भागातल्या आशाताईंचं नाव आणि नंबर माहीत करून घ्या आणि मोबाइलमध्ये सेव्ह करा. साथ नसताना ओळख झाली, तर साथ आल्यावर दार अर्धं उघडावं लागत नाही.

आमच्या ताई अजूनही गल्लीत येतात. कधी पोलिओच्या डोससाठी, कधी पाण्याच्या टाक्यांत डासांच्या अळ्या बघायला. गेल्या पावसाळ्यात त्यांनी विचारलं, "घरात कुणाला ताप?"

वडील स्वतः बाहेर आले आणि म्हणाले, "काल रात्रीपासनं अंग दुखतंय ताई, लिहून घ्या."